राधानगरीच्या ओसरीवर मुंबईची लोकल

वाचकहो, राधानगरीला रेल्वे नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. कोल्हापूरला रंकाळा स्टँडवर एस.टी. पकडायची, हळदी मागे टाकायची, परित्याला भोगावती कारखान्याच्या चिमणीकडे बघत पुढे सरकायचे, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागले की समजायचे, राधानगरी आली. त्यापुढे दाजीपूर आणि तिथले गवे, आणि फोंडा घाट उतरला की कोकण. या साऱ्या वाटेवर तुम्हाला रुळाचा एक तुकडासुद्धा दिसणार नाही. मिरजेहून आलेली रेल्वे १८९१ साली कोल्हापुरात पोचली आणि रंकाळ्याच्या अलीकडेच बसकण मारून राहिली.

आणि तरीही या तालुक्यातल्या एका वाडीत मी रुळाचा आवाज ऐकला. गेल्या पावसाळ्यात चारसूत्री भात लागवडीच्या कामासाठी तिथे चार दिवस जाणे-येणे होते. शाळा भरली की ठण्‌ ठण्‌ असा आवाज शिवारभर जाई. वाटले, गावाने मोठी पितळी घंटा आणली असेल. जाऊन पाहिले तर आंब्याच्या फांदीला तारेने लटकवलेला हातभर लांबीचा रूळ! तुमच्याही शाळेत असा तुकडा असेल, किंवा तुमच्या लहानपणी होता. लोहाराकडे पाहाल तर त्याची ऐरणही पुष्कळदा रुळाचीच असते. जिथे गाडी कधी गेली नाही, तिथे रेल्वे अशी तुकड्या-तुकड्याने पोचलेली आहे.

मी तो तुकडा निरखत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "सायेब, त्यो रूळ बघू नगा, रूळ मरत न्हाई. मरत्यात ते डबे."

बोलणारे म्हातारबाबा ऐंशीच्या घरातले. गाव त्यांना आबा म्हणते. १९६९ साली ते मुंबईला गेले. त्या वेळी राधानगरी, भुदरगडची पोरे गिरणीत लागायची. आबांना मात्र रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये खलाशाचे काम मिळाले. खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून २००६ साली निवृत्त झाले. म्हणजे सदतीस वर्षे हा माणूस लोकलच्या पोटाखाली उभा होता. चहाला बोलावले आणि मी गेलो. लागवडीचे काम दुपारनंतर झाले, हे आमच्या वरिष्ठांना सांगू नका.

तर ओसरीवर बसून आबांकडून जे ऐकले, आणि नंतर मी स्वतः वाचून जे पडताळले, ते तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्यापैकी कितीजणांचे भाऊ, दीर, जावई रोज त्या लोकलला लोंबकळत कामाला जातात. ती लोकल म्हातारी झाली की तिचे काय होते, हे आपण कधी विचारले आहे का? बैलाचे विचारतो, लोकलचे नाही.

आपल्या देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने धावली. डबे अवघे चार. डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टची डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होती. त्या काळी तेच उत्तम होते. अशा विजेवर चालणारी मोटर साधी, दणकट आणि जागेवरून उठताना जोर लावणारी. लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी थांबायचे आणि पुन्हा उठायचे असते, तेव्हा हाच गुण हवा.

पण या विजेत एक खोट होती, आणि ती मुंबईकरापेक्षा तुम्हाला लवकर कळेल. तुमची विहीर डीपीपासून लांब असेल तर शेवटच्या खांबावर मोटर कशी कण्हते? व्होल्टेज पडते, मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते आणि जळते. लोकलचे तेच. व्होल्टेज कमी म्हणून तेवढ्याच कामाला करंट भलता मोठा. तारा जाड हव्यात आणि थोड्या-थोड्या किलोमीटरवर वीज देणारी उपकेंद्रे हवीत. पुढे देशात सगळीकडे रेल्वेला २५,००० व्होल्टची ए.सी. वीज आली. गणित करून पाहा, त्याच कामाला करंट सोळापटींहून कमी लागतो. चार डब्यांच्या गाड्या नऊ आणि बारा डब्यांच्या झाल्या, एका गाडीत गर्दीच्या वेळी चार-साडेचार हजार माणूस कोंबले जाऊ लागले, आणि जुन्या विजेचा दम संपला.

मग मुंबईत तारेतली वीज बदलायला सुरुवात झाली. चालत्या गाडीचे चाक बदलावे तसे हे काम. गाड्या बंद ठेवता येत नाहीत, म्हणून रात्रीच्या दोन-चार तासांत करायचे. पश्चिम रेल्वेचे २०१२ साली पुरे झाले. मध्य रेल्वेचे टप्प्याटप्प्याने होत गेले आणि सर्वांत शेवटी हार्बर मार्ग उरला, जिथून १९२५ साली सुरुवात झाली होती तोच. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री डी.सी. विजेवरची शेवटची लोकल कुर्ल्याहून मुंबईकडे गेली. एक्क्याण्णव वर्षांचा खेळ त्या रात्री आटोपला.

आबा तेव्हा गावी होते. मुलगा कल्याणला असतो, त्याने फोन केला. आबा म्हणाले, "म्या ऐकलं आन् नांगरट बघायला निगून गेलो. काय बोलणार?"

आता डबा निवृत्त कसा होतो ते ऐका. लोकलच्या डब्याला रेल्वेने पंचवीस वर्षांचे आयुष्य ठरवून दिले आहे. त्या पंचवीस वर्षांत त्याला फार जपतात. ठरलेल्या दिवशी कारशेडमध्ये आणायचे, ब्रेकचे ठोकळे बदलायचे, मोटरीचे कार्बन ब्रश पाहायचे, वरच्या तारेला घासणारी पट्टी बदलायची, झिजलेले चाक खरादावर घालून पुन्हा गोल करायचे. ठराविक मुदतीने माटुंग्यासारख्या कारखान्यात नेऊन सगळे सुटे करून पुन्हा जोडायचे. पण मुंबईची हवा खारट. पत्रा वरून रंगवलेला दिसतो, आणि खाली तळाशी गंज खात बसलेला असतो. आबा म्हणत, "डब्याचं वय त्येच्या दारात न्हाई, बुडात बघायचं." आपण म्हैस विकत घेताना दात बघतो, तसे.

पावसाळ्यात तर हाल. रुळावर पाणी चढले की ते मोटरीत शिरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुर्ल्यात घुसली. आबांच्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष. पुढचे कित्येक दिवस मोटरी उतरवणे, धुणे, भट्टीत वाळवणे आणि पुन्हा चढवणे, एवढेच काम होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या ज्या शेतकऱ्यांनी बुडालेल्या मोटरी वर काढून वायंडिंगवाल्याच्या दारात रांग लावली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मुदत संपली की तपासणी होते आणि डबा 'कंडम' ठरतो. हा शब्द आपल्या खेड्यात इतका रुळला आहे की तो साहेबाचा आहे हे कुणाला आठवतही नाही. शाळेची खोली कंडम, एस.टी. कंडम, पाण्याची टाकी कंडम. (एका सरकारी कार्यालयाच्या आवारात कंडम जीप उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. कुठले कार्यालय ते विचारू नका. मी तिथेच होतो.) डबा कंडम झाला की आधी त्याच्यातले चालण्यासारखे जे आहे ते काढून घेतात: मोटर, कॉम्प्रेसर, पंखे, चाके, ब्रेकचे भाग. ते दुसऱ्या, अजून धावणाऱ्या गाडीला लागतात. म्हणजे एक गाडी मेली तरी तिच्या अवयवांवर दुसऱ्या पाच-सहा चालतात. उरलेला सांगाडा बाजूच्या रुळावर उभा राहतो. मग लिलाव. घेणारा गॅस कटर घेऊन येतो आणि डबा कापून ट्रकमध्ये भरून नेतो. पत्रा, बिडाचे ओतीव, तांबे असे सारे वेगळे होते. तांब्याला सगळ्यांत जास्त भाव.

आबांनी इथे जे सांगितले ते माझ्या मनात राहिले. डी.सी.ची वीज चालू होती तोवर जुन्या गाडीचा प्रत्येक भाग कुणाच्या तरी उपयोगाचा होता. ज्या रात्री वीज बदलली, त्या रात्री नुसत्या त्या विजेवर चालणाऱ्या मोटरी एकदम निरुपयोगी झाल्या. त्या बिघडल्या नव्हत्या. कालपर्यंत धावत होत्या. काही गाड्यांचे नशीब बरे होते. त्यांच्या पोटात नवी यंत्रे बसवून त्यांना नव्या विजेवर चालते केले. बाकीच्या गेल्या. देशातल्या दुसऱ्या कुठल्या रेल्वेमार्गावर पाठवाव्यात, तर तसली वीज डोक्यावर कुठेच उरली नव्हती.

परदेशात पाहा, काय होते. जपानची राजधानी टोकियो. तिथल्या भुयारी रेल्वेचे जुने लाल डबे १९९०च्या दशकात जहाजाने पृथ्वीच्या पार पलीकडे, अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सला गेले आणि तिथे वर्षानुवर्षे धावले. का? तर त्या एका मार्गावर रुळांची रुंदी आणि वीज, दोन्ही जुळत होते. टोकियोचे दुसरे डबे इंडोनेशियात जकार्ताला गेले. आपल्याकडे नाही का, घाटावर थकलेला बैल हलक्या रानाच्या गावाला विकतात आणि तिथे तो आणखी चार हंगाम काढतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कने आणखी वेगळेच केले. २००१ ते २०१० या काळात आपल्या भुयारी रेल्वेचे अडीच हजारांहून जास्त जुने डबे त्यांनी समुद्रात बुडवले. चाके, दारे, खिडक्या काढून, तेल-ग्रीस पुसून, तराफ्यावर लादून नेले आणि डेलावेअर व इतर राज्यांच्या किनाऱ्यापासून दूर पाण्यात ढकलून दिले. वाळूच्या सपाट तळावर माशांना आसरा नसतो. डब्यांच्या आत-बाहेर शिंपले, शेवाळ धरले, मासे आले, त्यांच्यामागे मासेमार आले. एक गंमत अशी की साध्या लोखंडाचे जुने डबे समुद्रात टिकले, आणि नंतर टाकलेले न गंजणाऱ्या पोलादाचे नवे डबे लवकर मोडून पडले. हे मी सांगितले तेव्हा आबा खूप हसले. म्हणाले, "लोकलमधनं माणसं उतरली आन् मासं चढलं."

आपल्याकडेही डब्याला दुसरी नोकरी मिळते, पण ती लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डब्यांना. त्यांच्या खिडक्या-दारे बंद करून, आतली बाके काढून, एका टोकाला मोठे दार ठेवून मोटारी आणि ट्रॅक्टर वाहून नेण्याचे डबे करतात. तुमच्या दारातला ट्रॅक्टर कदाचित अशाच एका म्हाताऱ्या प्रवासी डब्यात बसून आला असेल. आणि हेही लक्षात असू द्या, की शेवटची डी.सी. लोकल गेली त्याच आठवड्यात, ११ एप्रिल २०१६ ला, आपल्या शेजारच्या मिरजेहून पाण्याने भरलेली गाडी दुष्काळी लातूरकडे निघाली आणि १२ तारखेला पोचली. पहिल्या फेरीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. त्या टाक्या राजस्थानात कोटा येथील रेल्वेच्या कारखान्यात आतून धुऊन काढल्या होत्या. एका जागी गाडी संपत होती आणि दुसऱ्या जागी गाडीला वेगळेच काम मिळाले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण आबांनी मला चहाला बोलावले ते लोकलचे सांगायला नव्हे.

परड्यात, गोठ्याच्या भिंतीला लागून, पाच हॉर्सपॉवरचे जुने तेलाचे इंजिन उभे होते. पट्ट्यावर पंप ओढणारे, मोठ्या चाकाचे, हँडल मारून सुरू करायचे. वाडीत वीज आली, थ्री फेजची मोटर बसली, तेव्हापासून ते बंद. वर प्लास्टिकचा कागद, कागदावर दगड. धाकट्या भावाला त्या जागी गोठा वाढवायचा होता, दोन म्हशी जास्त बांधायच्या होत्या. आबा म्हणत, इंजिन हलवायचे नाही. "पंपाला लाइट न्हाई आली तर?" सौर पंपासाठी अर्ज केला होता, तरीही हेच. दोन वर्षे या एका कारणावरून भावाभावांत बोलणे तुटक झाले होते. म्हणून शेतीखात्याच्या माणसाने पंच व्हावे, अशी योजना होती.

मी कागद काढला, बेरीज-वजाबाकी सुरू केली. डिझेलचा तासाचा खर्च, नव्या बेअरिंगची किंमत, नोझल मिळते की नाही. आबांना म्हणालो, "आबा, तुम्ही सदतीस वर्षे डबे कंडम केलेत. तुमच्या कारशेडच्या नियमाने हे इंजिन कुठे बसते, तुम्हीच सांगा." ते गप्प झाले. मग म्हणाले, "बूड चांगलं हाय, सायेब. सांगाडा चांगला हाय."

"आणि त्याची वीज?"

ते समजले. त्याला जे हवे ते आता कुणी वापरत नाही, ते दुरुस्त करणारा मिस्त्री दोन गावे सोडून होता तोही वारला, पट्टा मिळत नाही. पण तोंडाने कबूल होईनात.

तेवढा वेळ आजी दारात मोहरी निवडत बसल्या होत्या. आतापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. वाचकहो, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही, कारण मलाही ती तोवर कळली नव्हती. आबा मुंबईला सदतीस वर्षे होते. वर्षातून दोनदा गावी यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. मग हे इंजिन इतकी वर्षे चालवले कुणी? धाकटा दीर तेव्हा शाळेत. आजींनी चालवले. पहाटे उठून, पोर पाठीला बांधून, नदीच्या काठाला जाऊन हँडल मारायचे. थंडीत ते एका फेऱ्यात कधी सुरू व्हायचे नाही. ऊस त्यांनी जगवला, भावजयीचे लग्न त्या उसावर झाले, आबांच्या मनीऑर्डरीवर नव्हे. हे आबांनीच नंतर सांगितले.

आजी म्हणाल्या, "ह्यांनी त्येला कवा हात लावलाय? मुंबईस्नं आलं की पुसून ठेवायचं, तेवढंच. माझा खांदा गेलाय त्येच्यापायी. अजून हात वर जात न्हाई. मला त्येची कसली माया! गोठा बांधा आन् म्हस आणा."

मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढे जे झाले ते थोडक्यात. मी परत जाताना फेजिवड्याच्या बाजूला थांबून धरण पाहिले. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर या धरणाचे काम काढले, ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की ते आपसूक उघडतात, पाणी उतरले की आपसूक मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. त्या दिवशी दोन उघडे होते. त्या दरवाजांना कुणी कंडम म्हणत नाही. ते लोकलपेक्षा भक्कम आहेत, हे एक कारण झाले. दुसरे असे, की त्यांना लागते ते पाण्याचे वजन, आणि पाण्याचे वजन काही बदललेले नाही. वीज बदलली, डिझेलचा भाव बदलला, पाणी तेच राहिले. त्यांच्या पुढ्यात उभे राहून मी बराच वेळ भिजलो.

पंधरा दिवसांनी लागवडीची पाहणी करायला पुन्हा वाडीत गेलो, तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो आबांच्या दारात होता. आबांनी आपल्या पद्धतीने काम केले होते. आधी इंजिन स्वतः सुटे केले, तीन दिवस लागले. वरच्या धनगरवाड्यात एकाची पिठाची गिरणी तसल्याच इंजिनावर चालते. नोझल, पंप, पिस्टन आणि एक बेअरिंग त्याला दिले. पैसे घेतले नाहीत. उरले ते बिडाचे अंग आणि मोठे चाक. ते कोल्हापूरला जाणार होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत असले बीड-लोखंड भट्टीत पडते आणि त्याचे नवे भाग ओतले जातात. पंपाचे, मोटारीचे, ट्रॅक्टरचे. भट्टीत गेलेला तुकडा कुणाच्या परड्यातला आणि कुठल्या कारशेडचा, ते तिथे कुणी ओळखत नाही.

धाकटा भाऊ टेम्पोत चाक चढवायला आबांच्या बरोबरीने हात लावत होता. दोघे बोलत होते, म्हणजे "इकडं धर", "सांभाळ", एवढेच, पण बोलत होते. वजन झाले, पैसे झाले, आबांनी नोटा आजींच्या हातात दिल्या. टेम्पो सुरू झाला तेव्हा आबांनी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलेली एक वस्तू हळूच परकराच्या गाठोड्यामागे सरकवली. इंजिनाचे हँडल.

आजींनी पाहिले. म्हणाल्या, "त्यो बी घालायचा टेम्पोत. पयलं त्यो."